दुपार नसलेला देश

मी नववीत होते त्या वर्षी आमच्या घरात जेवताना दोनच विषय निघायचे, कापसावरची कीड आणि शाळेची कमान. कीड फवारणीनं तरी हटायची. माय चुलीपुढे बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची, आबा, म्हणजे माझे वडील, पाटावर ताठ बसलेले असायचे, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत नानाचं नाव निघायचं. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ. दोघं एकाच ताटात जेवून लहानाचे मोठे झाले असं माय सांगायची, पण मला आठवतं तेव्हापासून त्यांनी एकमेकांना हाकही मारलेली नव्हती. आबा शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, नाना गावचे सरपंच. आबांनी पांढरी टोपी बदलून फेटा बांधायला सुरुवात केली त्याच आठवड्यात नानांच्या डोक्यावरही फेटा आला, आणि तो वीतभर उंच होता. मायनं ते पाहून पदर तोंडाला लावला आणि भांडी घासायला निघून गेली. ती हसत होती हे मला फार वर्षांनी कळलं.

आमचं गाव सोनगीरपासून आत. पहाटे हायवेवरचे ट्रक चढाला लागले की त्यांचा घुमणारा आवाज आमच्या अंगणापर्यंत यायचा, आणि दिवस उजाडला की गल्लीच्या टोकाला पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज सुरू व्हायचा, टंव टंव, टंव टंव. ती धनुकली शमीमच्या वडिलांची. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. गावातल्या सगळ्या गाद्या आणि उशांचा कापूस त्यांच्या हातून जायचा. शमीम माझ्या वर्गात होती. तिच्या केसांत कायम कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि वर्गात ती मागच्या बाकावरून अशी काही कुजबुजायची की पुढचे तीन बाक हसायचे आणि शिक्षा मला व्हायची.

कमानीचं असं होतं की शाळेची जागा नानांच्या वडिलांनी दिलेली आणि शाळा काढली आबांच्या वडिलांनी. कमानीवर नाव कुणाचं द्यायचं, यावर दोन्ही भाऊ अडून बसले. दोन खांब उभे राहिले, वरचा भाग काही आला नाही. त्या खांबांना लोक येता-जाता बैल बांधायचे. इथवर सगळं गमतीचं होतं. पण शाळेच्या पाण्याची टाकी बांधून झाली आणि तिची पाइपलाइन नानांच्या शेतातून यायची होती. नाना म्हणाले, आधी माझ्या बापाचं नाव, मग पाइप. आबा म्हणाले, नावासाठी पाणी अडवणाऱ्यापुढे मी हात पसरणार नाही. टाकी कोरडी राहिली. तिच्यात पारवे राहायला आले.

शाळेत पाणी नसणं म्हणजे काय, ते मुलांना फारसं कळत नव्हतं. ती शाळेमागे जायची, पलीकडच्या विहिरीवर उड्या मारत जाऊन पाणी पिऊन यायची. मुलींचं तसं नव्हतं. त्या विहिरीच्या वाटेवर टगी पोरं मोटारसायकली लावून बसायची. मग मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत, किंवा मधल्या सुट्टीत घरी जायच्या आणि घरच्या कामाला लागायच्या, परत यायच्याच नाहीत. सातवीत आमच्या वर्गात मुलींचे बाक भरलेले होते. नववीपर्यंत आम्ही दोन बाकांवर मावायला लागलो. दिवाळीनंतर शमीम मला म्हणाली, "अम्मी म्हणे, ह्या सालपर्यंत जाय, मंग बस." तिनं ते इतक्या सहज सांगितलं की मला आधी कळलंच नाही. मग रात्रभर कळत राहिलं.

त्याच वर्षी बाविस्कर सर आले. ते जळगावच्या पूर्वेकडचे, केळीच्या मुलखातले. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र मोठा. त्यांची नेमणूक तात्पुरती, दर वर्षी आबांच्या मर्जीनं पुढे चालणारी. शेवटच्या तासाला ते पुस्तक मिटायचे आणि जुन्या प्रवासाच्या गोष्टी सांगायचे, दर्यावर्दींच्या. कुणाचं जहाज फुटतं आणि तो बोटाएवढ्या माणसांच्या देशात पोचतो, कुणी वाऱ्यानं उडून चंद्रावर जातो आणि तिथल्या लोकांची लढाई बघतो. आम्ही तोंड उघडं टाकून ऐकायचो. एकदा मी विचारलं, "सर, हे लोक खरंच गेले होते?"

"कुठंच नाही गेले," सर म्हणाले. "घरातच बसून लिहायचे. आपल्या राजाला हसायचं तर होतं, पण मान तर वाचली पाहिजे. म्हणून म्हणायचे, हे फार लांबच्या बेटावरचं आहे हं महाराज, आपल्याकडचं नाही."

"आणि राजाला कळायचं नाही?"

"राजा सगळ्यात जास्त हसायचा. त्याला वाटायचं, हे शेजारच्या राजाबद्दल आहे."

वर्गात हशा झाला. मी आणि शमीमनं मात्र एकमेकींकडे बघितलं. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी सरांच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, स्नेहसंमेलनात या वर्षी नाच नको, आम्हाला असला एक प्रवास करायचाय.

नाटक आम्ही चाचांच्या दुकानात रचलं, कापसाच्या ढिगाला टेकून. एक प्रवासी समुद्र बघायला निघतो, त्याची नाव उलटते आणि तो एका बेटाला लागतो. त्या बेटावर माणसाची किंमत त्याच्या सावलीवरून ठरते. ज्याची सावली लांब तो मोठा. म्हणून सगळे मानकरी फक्त सकाळी आणि संध्याकाळी बाहेर पडतात, मागे चाकर धावत असतात, कुणाचा पाय मालकाच्या सावलीवर पडू नये म्हणून. दुपारी सगळ्यांच्याच सावल्या पायाशी गोळा होतात, राजाची आणि झाडूवाल्याची सारखीच. त्यामुळे कायदाच आहे की या देशात दुपार नसते. दुपार झाली असं म्हणणाऱ्याला शिक्षा. राज्यात दोन पक्ष आहेत, सकाळवाले आणि संध्याकाळवाले. गावात एकच विहीर. सकाळवाले म्हणतात, दिवस उगवताना आमच्या राजाची सावली तिच्यावर पडते, विहीर आमची. संध्याकाळवाल्यांचाही एक राजा आहे, दिवस मावळताना त्याची सावली पडते, म्हणून विहीर त्यांची. विहिरीला कुलूप, आणि लोक तहानलेले. दोन्ही राजे शमीमच करणार होती. एकाचा फेटा लाल, दुसऱ्याचा पिवळा, एवढाच फरक. चाचांनी तिच्यासाठी कापूस भरून असा अंगरखा शिवला की तो घातल्यावर तिला दारातून जायला आडवं व्हावं लागे. मी प्रवासी.

सरांनी नाटक ऐकलं आणि बराच वेळ खडूशी खेळत बसले. मी म्हटलं, "सर, तुम्हाला त्रास होईल."

"माझं बघू," ते म्हणाले. "घरी केळीची बाग आहे, भाऊ सांभाळतात. एक माणूस वाढला तर केळी काही कुरकुर करणार नाहीत. तू तुझं पाठांतर कर. विहिरीच्या प्रसंगात घाई करतेस."

आबांना कुणी सांगितलं ते कळलं नाही, पण संमेलनाच्या आधी एका संध्याकाळी ते शेतातून आले ते सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले. मायनं त्या दिवशी डाळीचे फुणके उकडले होते, कढीला उकळी येत होती.

"कसानं नाटक करी ऱ्हायनात तुम्ही?" आबांनी विचारलं. "पोरीस्नी असं लोकेसमोर नाचानं नही."

"नाच नही आबा. गोष्ट शे."

"गोष्ट बी नही. मी सांगी दिधं."

आमच्या घरात 'सांगी दिधं' म्हटलं की विषय संपत असे. मायनं माझ्याकडे न बघता डोळ्यानं खुणावलं, गप बस. पण माझ्या डोळ्यांपुढे शमीम होती. मी म्हटलं, "आबा, तुम्ही ऐकी ल्या. मंग सांगा." आणि त्यांनी नाही म्हणायच्या आत मी सुरुवात केली. चुलीसमोरच्या हातभर जागेत मी प्रवासी झाले, राजा झाले, चाकर झाले, सावली तुडवली म्हणून ओरडले. आबा आधी दाराला टेकले. मग खाली बसले. सकाळवाला राजा आपली सावली मोजायला माणसं नेमतो तिथं त्यांच्या मिशा हलल्या. दुपारच्या कायद्याला ते मोठ्यांदा हसले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "हाऊ ते बठ्ठा नानाच शे! अगदी तोच! पोरी, कर तू. जोरमा कर. त्याले पहिल्या रांगमा बसाडजो."

मायच्या हातातली पळी कढीतच थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच बघावं तसं.

दुसऱ्याच दिवशी नानांची सून नळावर, म्हणजे आमच्या गल्लीच्या हापशावर, भेटली. ती म्हणाली, सासऱ्यांनी नाटकाची गोष्ट ऐकली आणि जेवताना हसून हसून ठसका लागला, म्हणाले आबाची बरी जिरवली पोरीनं, त्याच्याच घरातली! तेव्हा मला सर काय सांगत होते ते नीट कळलं. आज इतक्या वर्षांनी टीव्हीवर पुढाऱ्यांची भांडणं बघताना माझा नातू समोरच्या पक्षाला नावं ठेवत हसतो तेव्हाही मला कळतं. पण त्याला सांगून उपयोग नाही, तो म्हणतो, आजी, आमचे लोक वेगळे आहेत.

संमेलन दुपारी होतं, कारण संध्याकाळी विजेचा भरवसा नसायचा. बाकं जोडून रंगमंच केला होता, वर गोधड्या आणि लुगडी बांधून सावली केली होती. फेब्रुवारी संपत आला होता आणि ऊन चटके द्यायला लागलं होतं. सरांनी पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवल्या, एकसारख्या, मुद्दाम शेजारच्या गावातून आणलेल्या. आबा आले, बसले, आणि खुर्ची जरा पुढे ओढली. नाना आले आणि खुर्ची त्यांच्यापुढे टाचभर सरकवून बसले. मग आबा. मग नाना. दोघंही समोर बघत, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. स्वागतगीत संपलं तेव्हा दोघांचेही गुडघे आमच्या बाकांना टेकले होते आणि मागच्या बायका पदराआड हसत होत्या.

शमीम कापसाच्या अंगरख्यात आली आणि सगळी शाळा ओरडली. तिनं चालताना मान अशी मागे टाकली की ती लाल फेट्यात हुबेहूब एक माणूस दिसे आणि पिवळ्या फेट्यात हुबेहूब दुसरा. लाल फेट्याला नाना हसले, पिवळ्याला आबा. नाना टाळ्या वाजवत होते. मी पलीकडून बघितलं तर सर भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून, हसत नव्हते.

मग विहिरीचा प्रसंग आला. आठवीतली एक लहानशी मुलगी रिकामी कळशी घेऊन येते, कुलूप बघते आणि विहिरीपाशी बसून राहते. बोलत काही नाही. आम्ही तिला सांगितलं होतं, नुसती बस. ती बसली आणि मांडवात आवाज कमी कमी होत गेला. बायकांच्या घोळक्यात जनाआजी होती, कानानं जरा कमी ऐकू येणारी, त्यामुळे मोठ्यानं बोलणारी. ती शेजारणीला म्हणाली, "हाई ते आपली शाळानी टाकी शे वं!"

मग मागून एकजण हसली, मग दुसरी, मग सगळ्याच, आणि ते हसणं रंगमंचाकडे बघून नव्हतं, पहिल्या रांगेतल्या दोन फेट्यांकडे बघून होतं. आबांनी मान वळवून मागे बघितलं. नानांनीही. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच बघितलं असेल. आबा उठून उभे राहिले आणि नानाही उठले, आणि दोघं एका सुरात म्हणाले, "बंद करा!"

पडदा ओढणारा शिपाई दोरी धरून माझ्याकडे बघत राहिला. माझ्या समोर, हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ, माझे वडील उभे होते, त्यांच्या कपाळावरची शीर तटतटून वर आली होती. पुढच्या वाक्यात राजा मला म्हणतो की शपथ घे, या देशात दुपार नसते. शमीमच्या तोंडून ते निघेना. तेव्हा तिनं न विचारताच मी उत्तर दिलं. म्हटलं, "दुपार आहे. मी आत्ता तिच्यात उभी आहे." 'उभा आहे' म्हणायचं होतं, मी प्रवासी पुरुष होते. तोंडून 'उभी' आलं.

"बंद कर म्हनं ना!" आबा गरजले.

आणि बायकांच्या घोळक्यातून माझी माय म्हणाली, तिनं कधी चारचौघांत आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता, "चालू द्या. माले पुढनं दखनं शे."

आबा गेले. नाना दुसऱ्या बाजूनं गेले. आम्ही नाटक संपवलं. शेवटी लोक दुपारी घराबाहेर येतात, कुणाची सावली मोठी नाही हे बघतात आणि कुलूप फोडतात, एवढंच ते होतं. टाळ्या पडल्या की नाही ते मला आठवत नाही. पडदा पडल्यावर शमीम अंगरख्यासकट माझ्यावर कोसळली होती आणि आम्ही दोघी कापसात बुडून रडत होतो की हसत होतो, तेही सांगता यायचं नाही.

आबा त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मायशीही नाही. घरात भांड्यांचेच काय ते आवाज. आठवडाभरानं एका सकाळी भाकरी फडक्यात बांधून, खांद्यावर कुदळ टाकून ती दारात उभी राहिली. "चाल," ती मला म्हणाली. वाटेत जनाआजी मिळाली, शमीमची अम्मी मिळाली, आणखी बायका मिळत गेल्या. पाइप टाकीशेजारी गवतात पडूनच होते. नानांच्या बांधापाशी आम्ही थांबलो, कारण पुढे त्यांचा कापूस होता. मायनं कमरेला पदर खोचला. तेवढ्यात नानांच्या घराकडून काकी येताना दिसली, नानांची बायको, आणि सगळ्यांनाच वाटलं की आता भांडण. काकी आली, तिनं मायच्या हातातल्या कुदळीकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्या बाजूले काळी माटी शे, लवकर खंदाई जाई. तिकडे खडक शे." मग तिनं पहिल्या ओळीतली झाडं स्वतः उपटली. नाना ओट्यावर उभे होते. ते खाली उतरले नाहीत आणि ओरडलेही नाहीत. पाइपसाठीचं ते खोदकाम पुरं व्हायला किती दिवस लागले ते सोडा, पण परीक्षेच्या आधी टाकीत पाणी पडलं आणि पारवे उडून गेले. कमानीचे खांब पुढे हायवेवरच्या एका ट्रकनं वळताना पाडले. ते कुणी परत उभे केले नाहीत.

शमीम दहावीला बसली. ती आता धुळ्यात आजी झाली आहे आणि फोन केला की अजून राजाच्या आवाजात म्हणते, "बोल प्रवासी."

पण सरांना परीक्षेनंतर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मी आबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, नाटक मी लिहिलं, शिक्षा सरांना कशाला? आबा म्हणाले, "कसाले ते माले ठाऊक शे." मी दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशी परत गेले. त्यांनी ऐकलं नाही. ते मी जिंकले नाही. मी आणि शमीम नरडाण्याच्या स्टेशनवर सरांना पोचवायला गेलो. त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि मायनं दिलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, एवढंच सामान होतं. गाडी आली तेव्हा मी म्हटलं, "सर, आमच्यामुळे."

"तुमच्यामुळे काय?" सर म्हणाले. "मी वर्गात गोष्टी सांगणारा माणूस. कुणी ऐकून काही केल्याचं आजपर्यंत बघितलं नव्हतं. आता बघितलं." आणि डब्यात चढल्यावर खिडकीतून ओरडले, "पुढचं लिही!" पुढे ते त्यांच्या भागात दुसऱ्या शाळेत लागले हे कळलं तेव्हा मी पहिल्यांदा निवांत झोपले. आबांवरचा राग मात्र माझ्यात बरीच वर्षं राहिला, आणि तो राहायलाच हवा होता असं मला अजूनही वाटतं.

दहावीनंतर मी सांगून टाकलं की मला धुळ्याला कॉलेजात जायचंय. विचारलं नाही, सांगितलं. प्रवेशाच्या दिवशी सकाळी अंगणात मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि बाहेर आले तर आबा तिच्यावर बसलेले, डोक्याला साधी टोपी. मी मागे बसले. सोनगीर मागे पडलं, नगाव मागे पडलं, धुळ्यापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. कॉलेजातल्या बाईंनी माझे गुण बघितले, मग माझ्याकडे, मग आबांकडे बघून विचारलं, "गावातून रोज येणार? मुलींना मधेच काढून घेता तुम्ही लोक. ही थांबणार नाही ना मधे?"

आबांनी टोपी काढून हातात घेतली. ते मोठ्या माणसांशी बोलताना शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे, पण त्या दिवशी तो केला नाही.

"बाई," ते म्हणाले, "मी थांबाडी दखी. थांबनी नही."